पर्वतीच्या पायऱ्या : एका टेकडीच्या अर्थाचा शोध

गेल्या कार्तिक महिन्यात विभागातील पदव्युत्तर वर्गाचे काही विद्यार्थी बरोबर घेऊन मी पर्वतीवर गेलो होतो. निमित्त ग्रामनामांच्या अभ्यासाचे होते. वर्गात फळ्यावर लिहिलेली नावे एकदा प्रत्यक्ष भूमीवर आपापल्या जागी पाहावीत, एवढाच हेतू. सकाळची वेळ होती. माथ्यावरच्या कठड्याशी उभे राहून उत्तरेकडे खडकी, वायव्येस पाषाण, नैर्ऋत्येस खडकवासला आणि त्यामागे सिंहगड अशी दिशा दाखवीत असता एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, आपण उभे आहोत ती टेकडी म्हणजे मृत ज्वालामुखीच ना?" दोघातिघांनी माना डोलावल्या. शाळेत असे ऐकले आहे, असे एकाने सांगितले.

हा समज केवळ त्या विद्यार्थ्यांचा नव्हे. पुण्याच्या टेकड्यांवर फिरावयास जाणाऱ्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडीही तो वारंवार ऐकू येतो. महाराष्ट्राचा काळा दगड लाव्हापासून झालेला आहे हे खरे. तेव्हा प्रत्येक सुटी, निमुळती टेकडी म्हणजे थंडावलेला ज्वालामुखी, असे अनुमान मनात सहज तयार होते. अनुमानाचा पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्ध चुकीचा आहे. ही चूक भूविज्ञानापुरतीच असती तर या पत्रिकेत तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु टेकडी कशी झाली हे चुकीचे समजले, म्हणजे टेकडीवरून जे दिसते त्याचा अर्थही चुकीचा लागतो. आणि पर्वतीवरून काय दिसते व कोणाला दिसले, हा तर पुण्याच्या इतिहासाचा विषय आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. 'ज्वालामुखी' हे मुळात देवतेचे नाव. हिमाचल प्रदेशातील कांगडा भागात ज्वालामुखी देवीचे प्रसिद्ध स्थान आहे. तेथे खडकाच्या भेगांतून निसर्गतः वायू बाहेर पडतो व त्याच्या ज्योती अखंड जळताना दिसतात. त्या ज्योतींनाच देवीचे रूप मानले जाते. त्या जागी लाव्हा नाही, विवर नाही, भूविज्ञान ज्याला ज्वालामुखी म्हणते तसे काहीही नाही. तथापि पाश्चात्य भूगोलातील 'व्होल्केनो' या शब्दाला प्रतिशब्द हवा होता, आणि भूमीतून निघणाऱ्या अग्नीचे हे नाव हाताशी होते. 'व्होल्केनो' हा शब्दही अशाच रीतीने घडलेला आहे. रोमन लोकांचा अग्निदेव व्हल्कन. त्याच्या नावावरून इटलीजवळच्या एका बेटाचे नाव पडले. आणि बेटावरून त्या प्रकारच्या सर्व पर्वतांचे. दोन्हीकडे विशेषनामाचे सामान्यनाम झाले. मात्र दोन्ही शब्दांनी आपल्याबरोबर एक चित्रही आणले: मुख असलेला, निमुळता, शिखरातून ज्वाला ओकणारा पर्वत. पर्वतीविषयीचा गैरसमज या चित्रातून निघालेला आहे. शब्दाने दिलेले चित्र आपण दगडावर लादले.

दख्खनच्या दगडाची हकीगत वेगळी आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी या भागात जे उद्रेक झाले ते प्रामुख्याने भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून झाले. शिलारस वर येऊन लाव्हाच्या रूपाने दूरवर पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. या उद्रेकांचा मोठा भाग दहा लक्ष वर्षांच्या आसपासच्या अवधीत आटोपला, असे अलीकडील कालमापन सांगते. आज शिल्लक असलेले क्षेत्र सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर भरते, आणि सह्याद्रीच्या भागात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांहून अधिक आहे. ज्या भेगांतून शिलारस वर आला त्यांपैकी पुष्कळ भेगा आतल्या आत थिजलेल्या खडकाने भरून गेल्या. उभ्या भिंतींसारखे दिसणारे हे खडक नर्मदा-तापीच्या खोऱ्यात, कोकणपट्टीत आणि नाशिक-पुणे भागात आढळतात. दख्खनमधील ज्वालामुखीचे मुख शोधावयाचे असेल तर ते शिखरांवर शोधून चालणार नाही. ते या भिंतींत शोधावे लागेल.

मग पर्वती काय आहे? पर्वती, चतुःशृंगी, वेताळ टेकडी या सर्व एका प्रचंड पठाराच्या उरलेल्या तुकड्या आहेत. त्या वर आलेल्या नाहीत. त्यांच्या भोवतालचे गेलेले आहे. पावसाने, ओढ्यांनी, मुळा-मुठेने आणि त्यांच्याही आधीच्या प्रवाहांनी थरांमागून थर झिजवून नेले. जेथे कठीण थर माथ्यावर टिकला तेथे टेकडी राहिली. नैर्ऋत्येस दिसणाऱ्या सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. पर्वतीचा सुमारे ६४० मीटर. येथील थर जवळजवळ आडवे आहेत. तेव्हा सिंहगडाच्या माथ्यावरचा थर मनाने पुण्याच्या दिशेने ताणत आणला, तर तो पर्वतीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून साडेसहाशे मीटरांच्या सुमारे उंचीवरून जाईल. तेवढ्या जाडीचा दगड येथे होता व तो नाहीसा झाला. पर्वतीवरून आपल्याला जे विस्तीर्ण दृश्य दिसते ते या नाहीशा झालेल्या दगडाची मोकळी पडलेली जागा आहे.

खरा मृत ज्वालामुखी आणि त्यावरील दृश्यस्थळ पाहावयाचे असेल तर एडिंबरो शहरातील आर्थर्स सीट ही टेकडी घ्यावी. तिची उंची २५१ मीटर. सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वी तेथे ज्वालामुखी होता, आणि त्याच्या नळीत थिजलेला कठीण खडक आज टेकडीच्या रूपाने उभा आहे. तीही झिजेनेच उघडी पडली; पण तेथे उरलेला भाग ज्वालामुखीच्या गळ्याचा आहे, आणि येथे उरलेला भाग दूरवर वाहत गेलेल्या लाव्हाच्या थरांचा. त्याच टेकडीच्या कड्यांत जेम्स हटनने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तप्त शिलारस जुन्या थरांत घुसल्याच्या खुणा दाखविल्या. बेसाल्ट पाण्याखाली साचून झाला की अग्नीतून, हा त्या काळी युरोपात मोठा वाद होता. जर्मनीतील वेर्नर व त्याचे शिष्य पहिल्या पक्षाचे. फ्रान्समधील ओव्हेर्न प्रांताची पाहणी करणारा देमारे दुसऱ्या पक्षाचा. शेवटी अग्निपक्षाचा जय झाला. परंतु बेसाल्ट अग्निज ठरल्याने प्रत्येक बेसाल्टी टेकडी ज्वालामुखी ठरत नाही, हा विवेक मात्र सर्वत्र पोहोचला नाही.

आपल्याकडे याचे उलट उदाहरणही आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे गोल विवर पाहून अनेकांनी ते ज्वालामुखीचे मुख मानले होते. दिसावयास ते हुबेहूब तसेच. परंतु १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील खडकांत प्रचंड आघाताखेरीज निर्माण न होणारी द्रव्ये दाखविण्यात आली, आणि ते विवर अशनीच्या आघाताने झाले हे प्रस्थापित झाले. म्हणजे महाराष्ट्रात जे ज्वालामुखीसारखे दिसते ते ज्वालामुखी नव्हे, आणि जी भूमी खरोखर लाव्हाची आहे तिच्यावर ज्वालामुखीचा परिचित आकार नाही. आकारावरून उत्पत्ती ठरविणे किती धोक्याचे, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती लावणाऱ्यांची फसगत आपण नित्य पाहतो.

येथे दुसरा एक शब्द विचारात घेण्यासारखा आहे. दख्खनच्या या खडकाला भूविज्ञानात 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. यातील 'ट्रॅप' हा इंग्रजीतील सापळा नव्हे. तो 'पायरी, जिना' या अर्थाच्या स्वीडिश 'त्राप्पा' या शब्दापासून आला. थरांच्या कडा एकीवर एक मागे सरकत जातात आणि डोंगराच्या बाजूला जिन्याचा आकार येतो, म्हणून हे नाव. सह्याद्रीचा कोणताही उघडा कडा पाहिला म्हणजे नावाची यथार्थता पटते. कठीण थराचा उभा कडा, मग मऊ थराचा उतार, मग पुन्हा कडा. घाटातील रस्त्यांसाठी डोंगर तोडला आहे तेथे दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टाही कोठे कोठे दिसतो. एक थर थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात त्यावर वारा-पाऊस चालू होता, याची ती खूण.

मराठी माणसाला या डोंगरांचे हे स्वरूप अपरिचित होते काय? शब्दांची साक्ष तसे सांगत नाही. नदीकाठच्या पायऱ्यांच्या बांधणीला आपण घाट म्हणतो आणि डोंगर चढून जाण्याच्या वाटेलाही घाटच म्हणतो. स्वीडनमधील खाणकाम जाणणाऱ्या विद्वानांना जिना आठवला. मराठीने पायऱ्यांची बांधणी आणि डोंगराची चढण एकाच शब्दाखाली आणली. दोहोंची उत्पत्ती स्वतंत्र आहे, आणि त्यांचा परस्परसंबंध जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. परंतु डोंगर टप्प्याटप्प्याने चढावयाचा असतो, ही जाणीव दोन्हीकडे आहे. मुरूम, कातळ, काळवत्री हे शब्द विहीर खणणाऱ्यांच्या व पाथरवटांच्या बोलण्यात दगडाचा मऊ-कठीणपणा नेमका दाखवितात. पर्वतीवरून दिसणाऱ्या गावांची नावे घ्या: खडकी, खडकवासला, पाषाण. शहराच्या पेठांत खडकमाळ आळी आहे. या नावांत खडक आहे, पाषाण आहे, अग्नी नाही. ज्यांनी ही नावे ठेविली त्यांनी जे पायाखाली होते तेच सांगितले. पुढे भूविज्ञानानेही आपल्या गावांची नावे स्वीकारली. भारतीय भूवैज्ञानिकांनी या थरांचे गट पाडले तेव्हा त्यांना कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर अशी स्थलनामे दिली.

'ट्रॅप' हा शब्द दख्खनच्या खडकांना लावून त्यांचे पद्धतशीर वर्णन करणाऱ्या आरंभीच्या लेखकांत विल्यम हेन्री साइक्स हा प्रमुख होय. तो मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी. १८२४ साली त्याची दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्यासाठी नेमणूक झाली, आणि त्या कामात त्याने या प्रदेशातील शेती, पशुपक्षी, लोकसंख्या व खडक यांची माहिती गोळा केली. दख्खनच्या भूरचनेवरील त्याचा निबंध लंडनच्या भूविज्ञान परिषदेच्या ग्रंथमालेत १८३६ साली छापला गेला. परंतु साइक्सने हे डोंगर प्रथम पाहिले ते अभ्यासकाच्या नजरेने नव्हे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत तो कंपनीच्या फौजेत होता. त्या दिवशी याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पर्वतीच्या माथ्यावर, दुसरा बाजीराव उभा होता.

येथून पर्वतीचा इतिहास सुरू होतो, किंवा नेमके सांगावयाचे तर पर्वतीवरून पाहण्याचा इतिहास सुरू होतो. टेकडीवर देवीचे जुने ठाणे होते व पेशव्यांच्या घरातील नवसामुळे तेथे मोठे देवालय झाले, अशी परंपरागत कथा आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली देवदेवेश्वराचे मंदिर बांधविले. पुढे कार्तिकेय, विष्णू इत्यादिकांची देवळे झाली, वाडा झाला, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत रुंद पायऱ्यांची वाट झाली. त्याच पेशव्यांच्या काळात कात्रजचे पाणी दगडी नळांनी शहरात आणले गेले, आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. त्या जागी आज सारसबाग आहे. शहराच्या दक्षिणेकडील एका उजाड टेकडीचे राज्यकर्त्यांच्या देवस्थानात रूपांतर झाले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत. त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवरच त्यांचा अंत झाला. ज्या माथ्यावरून त्यांनी आपले वाढते शहर पाहिले, त्याच माथ्यावर त्यांची अखेर झाली.

छप्पन्न वर्षांनी दुसऱ्या बाजीरावाने तेथून पाहिले ते राज्याच्या शेवटाचे दृश्य. बापू गोखले यांच्या हाताखालची मराठी फौज गणेशखिंडीकडून खडकीच्या मैदानावर उतरली. कंपनीचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन संगमावरील आपले निवासस्थान सोडून फौजेस जाऊन मिळाला होता. ते निवासस्थान मराठ्यांनी जाळले. मराठी फौज संख्येने कितीतरी मोठी असूनही दिवस हातचा गेला. १७ नोव्हेंबर रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले. पर्वतीवरील ज्या जागेवरून बाजीरावाने लढाई पाहिली असे सांगतात, ती जागा आजही येणाऱ्यास दाखविली जाते. पर्वतीपासून खडकीचे अंतर सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरांचे आहे. एवढ्या अंतरावरून धूर, धूळ व तोफांचा आवाज यांपलीकडे फारसे काही कळण्यासारखे नव्हते. उंचावर उभ्या असलेल्या माणसाला सगळे दिसते, हा समज किती फसवा आहे याचे हे एक उदाहरण मानावयास हरकत नाही.

या पत्रिकेच्या वाचकांना एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. त्या लढाईची भूमी म्हणजे आपल्याच विद्यापीठाचा परिसर. गणेशखिंडीत १८६४ साली गव्हर्नरच्या निवासाचे बांधकाम सुरू झाले, आणि १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर तीच इमारत विद्यापीठाची झाली. पर्वतीवरून बाजीरावाची दृष्टी ज्या मैदानाकडे लागली होती, तेथे आज आपली ग्रंथालये व वर्ग आहेत.

विद्येचा आणि पर्वतीचा संबंध याहूनही जुना आहे. पायथ्याशी रमणा नावाचे कुंपण घातलेले मोकळे आवार होते. श्रावण महिन्यात दूरदूरचे ब्राह्मण तेथे जमत आणि पेशव्यांकडून त्यांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाईनंतर एडिंबरोत शिकलेल्या एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही. दक्षिणेचा काही पैसा शिक्षणाकडे वळविला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी दक्षिणेचा पैसा उपयुक्त मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांसाठी खर्च करावा, असा अर्ज केला. लोकहितवादी त्यांत पुढे होते. जुन्या मंडळींचा रोष मोठा होता. तरी १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटीने मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यास आरंभ केला. मराठी गद्याच्या वाढीचा एक झरा पर्वतीच्या पायथ्याशी निघाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पण तो रमणा सर्वांसाठी कधीच नव्हता, हेही तितकेच खरे.

विद्यार्थ्यांना येथवर सांगून झाले तेव्हा आम्ही उतरावयास लागलो होतो. इतका वेळ गप्प असलेला एक विद्यार्थी पायऱ्यांच्या मध्यावर थांबला. त्याच्या पणजोबांचे घर पायथ्याजवळच्या वस्तीत होते. तो म्हणाला, "सर, टेकडी आमच्या दाराशी होती. पण पणजोबा कधी वर गेले नाहीत. वर जाऊन काय दिसतं ते त्यांना दुसऱ्यांनी सांगितलेलं." कोणी काही बोलले नाही. मग मी १९२९ ची हकीगत सांगितली. वास्तविक ती मी वर असतानाच सांगावयास हवी होती. माझ्या टिपणात ती शेवटी, वेळ उरल्यास सांगण्याच्या मुद्द्यांत होती. ती माझी चूक होती हे मला तेथेच कळले.

१३ ऑक्टोबर १९२९ रोजी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील सत्याग्रहींनी पर्वतीच्या देवळात प्रवेश करण्यासाठी पायऱ्या चढावयास सुरुवात केली. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही नेतृत्व करणारी मंडळी होती, एस. एम. जोशी यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते त्यांच्या बरोबर होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा; नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पर्वतीचा सत्याग्रह या दोहोंच्या मध्ये येतो, आणि सामान्य वाचकाच्या स्मरणातून तो बहुधा गळतो. सनातन्यांनी देवळाचे दरवाजे बंद केले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. वर्षानुवर्षे ज्या दगडाच्या पायऱ्यांवर पाय ठेवावयास मनाई होती, तोच दगड त्यांच्यावर फेकला गेला. दरवाजे त्या सत्याग्रहाने उघडले नाहीत. मुंबई प्रांताचा हरिजन मंदिर-प्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला. १९५० साली अंमलात आलेल्या घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली.

शंभराहून थोड्याच अधिक पायऱ्या. धडधाकट माणूस दहा-पंधरा मिनिटांत वर पोहोचतो. १७४९ पासून १९४७ पर्यंत सुमारे दोनशे वर्षे या शहरातील एका मोठ्या समाजाला ती चढण पुरी करता आली नाही. पर्वतीवरील देखाव्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत: इंग्रज प्रवाशांची आहेत, आपल्या लेखकांची आहेत. ती सर्व ज्यांना वर जाता येत होते त्यांची आहेत. 'दृश्यस्थळ' हा शब्द आपण असा वापरतो की जणू निसर्गाने एक उंचवटा दिला, आणि जो कोणी चढेल त्याला दृश्य मिळाले. पर्वतीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. उंचवटा भोवतालचे नाहीसे झाल्यामुळे उरलेला. आणि चढण्याचा अधिकार माणसांनी ठरविलेला.

मृत ज्वालामुखीच्या कल्पनेत एक सोय आहे, आणि म्हणूनच ती लोकप्रिय असावी. ज्वालामुखी म्हटले की उंचीचे कारण टेकडीच्या पोटातच सापडते. ती आपल्या बळाने वर आली असे वाटते, आणि भोवतालच्या सखल भूमीचा विचार करण्याचे कारण उरत नाही. झिजेची कल्पना स्वीकारली की दृष्टी उलटी करावी लागते. टेकडी समजावयाची तर दरी समजावी लागते; काय आहे हे कळावयाचे तर काय गेले हे विचारावे लागते. भूवैज्ञानिक दरीच्या दोन्ही बाजूंचे थर ताडून पाहतो, त्यांचा क्रम जुळवितो, आणि मधल्या नाहीशा झालेल्या दगडाविषयी विश्वासाने बोलतो. तो दगड त्याने पाहिलेला नसतो. त्याच्या दोन्ही कडा त्याने पाहिलेल्या असतात.

इतिहासाच्या व भाषेच्या अभ्यासकाचे कामही बहुतांशी असेच आहे. पर्वतीच्या देवस्थानाचा खर्च, रमण्यातील दक्षिणा, पूजाअर्चा यांचे कागद जपले गेले. ज्यांना पायऱ्या चढू दिल्या नाहीत त्यांच्या न चढण्याची नोंद कोणत्या दप्तरात असणार? जे घडू दिले नाही त्याचा कागद होत नाही. तरीही त्याच्या कडा शिल्लक असतात: वस्त्यांच्या जागा, वाटांची वळणे, नावे, १९२९ सालचे दगड, आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या घरात सांगितले गेलेले एक वाक्य. दोन्ही बाजूंच्या या कडा ताडून मधला गेलेला थर उभा करणे हे संशोधन होय. केवळ उरलेल्या टेकडीवर उभे राहून सभोवार पाहणे आणि जे दिसले त्यालाच इतिहास म्हणणे, यात दुसऱ्या बाजीरावाच्या पाहण्याहून अधिक काही नाही.

त्या दिवशी प्रथम प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी पायथ्याशी आल्यावर उत्तर दिले, की ही टेकडी ज्वालामुखी नव्हे. ज्वालामुखीने घातलेल्या आणि पाण्याने कोरलेल्या जिन्याची ती एक पायरी आहे. त्याने ते वहीत लिहून घेतले. दुसऱ्या विद्यार्थ्याला मी त्याच्या पणजोबांचे वाक्य, घरातील आणखी कोणास काही आठवत असल्यास त्यासह, लिहून आणावयास सांगितले आहे. ग्रामनामांच्या आमच्या संग्रहात पर्वतीची नोंद अद्याप अपुरी आहे. त्या नोंदीत देवळाच्या व पेशव्यांच्या माहितीशेजारी ते वाक्यही जावे, असे मी ठरविले आहे.